'चालत नाही' म्हणजे नेमकं काय होतं?

डोंबिवली म्हणा, चिंचवड म्हणा, नाशिक म्हणा. शंभरेक बिऱ्हाडांची सोसायटी असली की तिच्यात एक लिनक्सकाका निघतातच. सेक्रेटरी बदलतात, वॉचमन बदलतात, पाण्याची वेळ तर दर उन्हाळ्यात बदलते, लिनक्सकाका तहहयात. वीज मंडळ, टेलिफोन खातं नाहीतर पॉलिटेक्निकची मास्तरकी, यांतल्या कशातून तरी निवृत्त झालेले. सदऱ्याच्या खिशाला पेनाशेजारी टेस्टर. घरात असताना टी-शर्ट आणि त्यावर कुठल्याशा संमेलनात फुकट मिळालेला पेंग्विन. धुवून धुवून त्याची आता चोच तेवढी शिल्लक आहे.

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त कुरिअरवाला वाचतो.

या जमातीची खरी खूण कपड्यांत नाही, पहिल्या प्रश्नात आहे. तुम्ही म्हणता, "काका, डीव्हीडी चालत नाहीये." व्यवहारी माणूस म्हणेल, पुसून लाव. त्याहून व्यवहारी असेल तो म्हणेल, सोड ना, मोबाइलवर बघ. काका चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं?"

निसटायचं असेल तर इथेच. पुढे उलटतपासणी असते. ड्राइव्हचा दिवा लागतो का? लागून राहतो की लुकलुकतो? आतून घरघर येते की टकटक? प्लेअर उघडून बंद पडतो की उघडून गप्प बसतो? चित्रच नाही, की चित्र आहे पण हिरव्या-गुलाबी चौकटींचं? आवाज नाही, तर गाण्यांचा नाही की संवादांचा? हा शेवटचा प्रश्न ऐकून पुष्कळांना वाटतं की काकांचं वय झालं. तसं नाही. सिनेमाच्या फाइव्ह पॉइंट वन आवाजात संवाद मधल्या स्पीकरच्या वाट्याला असतात. आपल्याकडे स्पीकर दोनच. मधला वाटा या दोघांत नीट मिसळला नाही तर माणसं नुसती तोंडं हलवतात आणि मागचे व्हायोलिनवाले मात्र दणकून वाजत राहतात. काकांच्या मते काही सिनेमे असेच बरे वाटतात.

"एरर काय आली होती?"

"काहीतरी इंग्रजीत आलं. मी ओके केलं."

काका डोळे मिटून घेतात. आयुष्यात त्यांनी दोनच दुःखं मनाला लावून घेतली: पेन्शनच्या कागदातली जन्मतारखेची चूक, आणि लोक एरर न वाचता ओके करतात हे.

आता लिनक्सवर सिनेमाची डिस्क अडतेच का, हे त्यांच्याकडून ऐकायचं असेल तर सकाळचे पोहे होऊन दुपारच्या जेवणापर्यंत वेळ काढावा लागतो. मी थोडक्यात सांगतो, आणि त्यात त्यांचा अपमान होतो हे मला ठाऊक आहे. डीव्हीडी १९९६ साली बाजारात आली तीच कुलूप घेऊन. त्या कुलपाचं नाव सीएसएस, किल्ली ४० बिटांची. प्लेअर बनवायचा तर करार करा, पैसे भरा, आणि किल्ली कुणाला दाखवू नका. लिनक्सची पंचाईत अशी की तिथे करारावर सही करायला मालक नाही, आणि कोड उघडा ठेवायचा ही तर पहिली अट. मग गुपित ठेवणार कुठे? त्यामुळे विंडोजवाल्या शेजाऱ्याकडे जी डिस्क निमूट चालायची ती काकांच्या यंत्रात गेली की 'एन्क्रिप्टेड डीव्हीडी सपोर्ट अनअव्हेलेबल' एवढं बोलून मौन धरायची.

१९९९ च्या ऑक्टोबरात हे कुलूप उघडणारा डीसीएसएस नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर आला. त्यामागच्या मंडळींत नॉर्वेचा यॉन लेक योहानसेन होता, वय वर्षं १५. इथे काकांचा आवाज बदलतो. हा मुलगा त्यांना नातवाच्या ठिकाणी आहे. त्याच्यावर खटला भरला गेला, जानेवारी २००३ मध्ये तो निर्दोष सुटला, सरकारने अपील केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो पुन्हा सुटला. या दोन्ही तारखा काकांना तोंडपाठ आहेत. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख मात्र काकूंना आठवण करून द्यावी लागते. अमेरिकेत कोर्टाने हा कोड प्रसिद्ध करायला मनाई केली तेव्हा लोकांनी तो टी-शर्टांवर छापला, आणि एका गणितवेड्याने तर अशी मूळसंख्या शोधून काढली की ती उलगडली की तोच कोड बाहेर पडावा. "आता मूळसंख्येवर बंदी घाला म्हणावं!" असं म्हणून काका मांडीवर थाप मारतात. डीसीएसएस हा प्रोग्रॅम स्वतः विंडोजवर चालायचा, हा तपशील त्यांच्या कथनात येत नाही.

पुढे व्हीएलसी प्लेअरवाल्या मंडळींनी लिबडीव्हीडीसीएसएस लिहिलं. हा शब्द काका एका दमात म्हणतात आणि समोरच्याकडूनही म्हणवून घेतात. व्हीएलसीचा जन्म १९९६ साली पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या हातून झाला; त्याच्या चिन्हावर रस्त्यावरचा नारिंगी शंकू आहे, कारण ती पोरं असले शंकू गोळा करायची. आपल्याकडच्या कॉलेजातली पोरंही रस्त्यावरचं पुष्कळ काही उचलून आणतात, पण प्लेअर कुणी लिहिला नाही, ही काकांची जुनी खंत.

सगळ्यात मोठी गंमत मात्र वेगळीच आहे, आणि ती सांगताना काका हसत नाहीत. स्टेशनाबाहेर फूटपाथवर पन्नास रुपयांना मिळणारी चोरीची डिस्क लिनक्सवर बिनबोभाट चालायची. तिचं कुलूप चोराने आधीच काढलेलं. दुकानात जाऊन, पावती घेऊन, सहाशे रुपये मोजून आणलेली अस्सल परदेशी डिस्क तेवढी अडायची. सोसायटीत जितके म्हणून लोक चोरीचे सिनेमे बघत होते त्यांच्यावर कधी काही प्रसंग आला नाही. टर्मिनल उघडून चोरासारखी किल्ली शोधत बसायचं कुणी, तर ज्याच्या पाकिटात पावती आहे त्याने. मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढल्या तेव्हा काकांनी एक अख्खं कपाट भरलं. त्यांना सिनेमांची हौस होती म्हणून नव्हे. "इतक्या स्वस्तात अस्सल मिळत असताना चोरीची घेणाऱ्याला माफी नाही," असं त्यांनी लिफ्टमध्ये जाहीर केलं होतं, आणि त्या वेळी लिफ्टमधल्या दोघांच्या हातांत काळ्या पिशव्या होत्या.

कायद्याच्या बाबतीतही त्यांना पकडता येत नाही. कुणी म्हणालंच, की काका, कुलूप तोडणं बेकायदा नाही का, तर २०१२ साली कॉपीराइट कायद्यात घातलेलं कलम ६५अ ते ऐकवतात. दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तर. "माझा हेतू काय? सिनेमा बघणे." काकू स्वयंपाकघरातून म्हणतात, "तो तरी कुठे पुरा होतो?"

हे खरं आहे. लिनक्सकाकांनी शेकडो सिनेमांची सुरुवात पाहिली आहे. शेवट जवळपास कुठल्याच सिनेमाचा नाही. डिस्क चालली की त्यांचा रस आटतो. त्यांच्या लेखी सिनेमा ही डिस्क चालत असल्याचा पुरावा असते, आणि पुरावा अडीच तास बघत बसायचं कारण नसतं. उलट मेनूचं संगीत त्यांना प्रिय. डिस्क लावल्यावर 'प्ले', 'सीन्स', 'सबटायटल्स' असं लिहून येतं आणि मागे तीसेक सेकंदांची धून गोल गोल फिरत राहते, ती त्या घरात कधीकधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाजते. त्यांची नात ज्या वयात बडबडगीतं म्हणायची त्या वयात मेनू गुणगुणायची. आणखी एक आनंद त्यांना हमखास होतो. दुकानातल्या प्लेअरवर कॉपीराइटची धमकी पुढे ढकलता येत नाही, बटण दाबलं तरी पडद्यावर निषेधाची खूण येते. लिनक्सवरचे बहुतेक प्लेअर ती मनाई जुमानत नाहीत. पाहुण्यांसमोर धमकी ओलांडून दाखवायची आणि मग डिस्क बाहेर काढायची, एवढ्यावर काकांची करमणूक भागते.

काकू शेवटपर्यंत बघतात, पण फोनवर. डिस्कचा निकाल लागेपर्यंत तोच सिनेमा त्यांनी पाहून संपवलेला असतो. "खून दिरानेच केलाय," त्या चहा ठेवता ठेवता सांगतात. काका म्हणतात, "थांब, अजून ऑडिओ ट्रॅक बदलून बघायचाय."

अमेरिकेतल्या पुतण्याने कौतुकाने डिस्क पाठवल्या तेव्हा नवीनच प्रकरण निघालं. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे सहा तुकडे केले आहेत. अमेरिका १ मध्ये. युरोप आणि जपान २ मध्ये. आपण रशिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागासोबत ५ मध्ये. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये हा आकडा यंत्रातच कोरलेला असतो आणि तो फक्त पाच वेळा बदलता येतो. मग कायमचा बंद. लिबडीव्हीडीसीएसएस याला पुष्कळदा वळसा घालतं, पण काही ड्राइव्ह आडमुठे असतात; काकांचा अर्थातच आडमुठा. त्यांनी पुतण्यासाठी १ केला, मोझर बेअरसाठी ५ केला, जर्मनीहून कुणी माहितीपट आणला म्हणून २, पुन्हा ५. आता एक संधी उरली आहे. ती त्यांनी घरातल्या शेवटच्या दागिन्यासारखी राखून ठेवली आहे. पुतण्या दर फोनवर विचारतो, "काका, ती डिस्क पाहिली का?" काका सांगतात, "प्रसंग येऊ दे."

फोनवरची मदत हा त्यांचा वेगळाच विभाग. उबुंटूमध्ये कुलपाचं पॅकेज टाकलं तरी काम अर्धंच होतं. पुढे आणखी एक कमांड द्यावी लागते, तेव्हा कुठे ते खरी लायब्ररी उतरवून घेतं आणि तिथल्या तिथे तयार करतं. निम्मी दुनिया या दुसऱ्या कमांडपाशी अडलेली असते. हैदराबादच्या भाच्याशी चाललेला हा संवाद जिन्यात स्पष्ट ऐकू येत होता:

"लिही. सुडो."

"काय?"

"सुडो रे, सुडो. आता स्पेस. मग डी, पी, के, जी. दादरचा डी, पनवेलचा पी, कर्जतचा के, गोरेगावचा जी. पुढे आडवी रेघ. नाही, खालची नाही. वजाबाकीची."

"पासवर्ड मागतोय."

"दे."

"देतोय, पण काही उमटतच नाहीये."

"उमटायचं नसतंच ते! टाइप कर आणि एंटर मार. श्रद्धा ठेव."

देवाधर्माचं काहीही न करणाऱ्या माणसाच्या तोंडून श्रद्धा हा शब्द मी फक्त पासवर्डच्या संदर्भात ऐकला आहे.

सगळ्याच आजारांना काका सारखा वेळ देत नाहीत. चित्र अडखळत चालणं हा जुना रोग होता, ड्राइव्हचं डीएमए बंद असायचं; एक कमांड, खेळ खलास, आणि आताच्या यंत्रात तो उरलाही नाही. व्हीसीडीवर क्लिक केलं की एरर यायची, कारण तिचा व्हिडिओ साध्या फाइलसारखा ठेवलेलाच नसतो. प्लेअरला दुसरा ट्रॅक थेट वाजव म्हणून सांगितलं की सुरू. असलं काही निघालं की काका जरा हिरमुसतात. पाच मिनिटांत सुटला तो प्रॉब्लेम कसला?

त्यांची फी काही नाही. चहा. पण तुम्ही शेजारी बसायचं, आणि स्क्रीनवर काय चाललंय ते समजून घ्यायचं. हा हिशेब मांडला तर दुकानातून नवा प्लेअर आणणं स्वस्त पडायचं. आता मात्र दुकानात प्लेअर शोधावा लागतो, लॅपटॉपना ड्राइव्ह नाहीत, आणि जी मंडळी इतकी वर्षं काकांना पाहून जिन्यात वेग वाढवायची ती आता डिस्कचे जुने डबे काखोटीला मारून बेल वाजवतात. बाळाचं बारसं, शाळेचं गॅदरिंग, आईच्या साठीची पूजा. सगळं त्या चकत्यांत अडकलेलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या त्या लग्नाची डीव्हीडी घेऊन. लग्न २००७ चं, मुलांनी कधी पाहिलेलं नाही, वाढदिवसाला घरी माणसं येणार. मखमली डबा, आत तीन डिस्क, प्रत्येकीवर कागदी लेबल चिकटवलेलं आणि त्यावर बदामाच्या आकारात नवरानवरी. काकांनी शेवटची डिस्क उजेडात तिरकी धरली. लेबल एका कडेला फुगलं होतं. "शूटिंगवाल्याने हौस केली," ते म्हणाले. असा कागद डीव्हीडीवर लावू नये. तो ओल धरतो, डिस्क किंचित वाकते, फिरताना थरथरते आणि बाहेरच्या कडेचं वाचताना लेझर चुकतो. लग्नाच्या डिस्कला सीएसएस नाही, रीजन नाही, म्हणजे काकांची निम्मी शस्त्रं म्यानातच. क्षणभर ते उदास झाले. मग त्यांनी डीमेसेज ही कमांड दिली, स्क्रीनवर 'बफर आय-ओ एरर' च्या ओळींमागून ओळी कोसळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली.

पुढचा आठवडाभर बिल्डिंगला दुसरा विषय नव्हता. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आधी डिस्कचा सुखरूप भाग उचलून घेतो, कुठे कुठे वाचता आलं नाही त्याचा नकाशा फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि मग त्या जागांवर परत परत जातो. एका ड्राइव्हला जे जमत नाही ते दुसऱ्याला जमतं, म्हणून काका लॅमिंग्टन रोडला जाऊन केबल घेऊन आले आणि अडगळीतला जुना ड्राइव्ह जोडला. नकाशा तोच, ड्राइव्ह बदलत राहायचा. लिफ्टमध्ये लोक विचारायचे, "किती झालं?" "सत्त्याण्णव टक्के." वॉचमनला रोजचा आकडा ठाऊक असायचा.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे कडेला जे होतं ते लग्नाच्या शेवटाकडचं. गृहप्रवेशाला वहिनींच्या यजमानांनी नाव घेतलं होतं. पहिली ओळ स्वच्छ. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी त्यांचा चेहरा चौकटी-चौकटी होऊन जबडा उघडा ठेवून थांबायचा.

"राहू द्या ना काका," यजमान म्हणाले. "मला तरी कुठे आठवतंय मी काय म्हटलं ते."

"मला आठवतंय," वहिनी म्हणाल्या. "कॅलेंडरच्या मागचा होता."

पण काकांनी ते सोडलं नाही. डिस्कवर एकेक सेक्टर २०४८ बाइटचा; तेवढ्या तेवढ्याशा तुकड्यांसाठी ड्राइव्ह रात्रभर टकटकत राहिला, आणि काकू बाहेरच्या खोलीत झोपल्या. अखेर जुन्या ड्राइव्हने तो उखाणा वाचला. यमक जुळत नव्हतं.

वाढदिवसाला संध्याकाळी काका स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन वर गेले. माणसं जमली होती, बटाटेवडे तळले जात होते. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला, आणि टीव्हीने सांगितलं की असलं डिव्हाइस मला चालत नाही. काकांनी तो ईएक्सटी-फोरमध्ये फॉरमॅट केला होता. टीव्हीला हवा होता तो फॅट-थर्टीटू, पण त्यात चार जीबीहून मोठी एकसंध फाइल मावत नाही. डिस्कवर मुळात एकेक जीबीचे तुकडे होते, ते सुखाने मावले असते. काकांनी ते प्रेमाने जोडून एक केले होते.

"मग आता टीव्हीतही लिनक्स टाकायचं का?" वहिनींनी थट्टेत विचारलं.

हे विचारायला नको होतं. "टाकायचं काय," काका म्हणाले, "आहेच आत! या स्मार्ट टीव्हींच्या पोटात बहुतेक लिनक्सचाच कर्नल असतो. म्हणजे याला ईएक्सटी-फोर समजायला हवं. समजतंच असणार. कंपनीने मुद्दाम बंद करून ठेवलंय."

वहिनींच्या मोठ्या मुलाने तोवर खाली जाऊन काकांचाच लॅपटॉप आणला, एचडीएमआयची केबल लावली आणि लग्न सुरू झालं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, मुलं आईबाबांचे केस बघून हसून हसून लोळली. वडे दुसऱ्यांदा फिरले. काका भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या वितभर जागेत डोकं घालून, मोबाइलच्या टॉर्चमध्ये मॉडेल नंबर उतरवून घेत होते.

"वहिनी," आतून आवाज आला, "इथे एक सर्व्हिस पोर्ट दिसतोय. हा टीव्ही तुम्हाला या आठवड्यात लागणार आहे का?"